पोपटाचा आवाज

"साहेब बोलतोय. कालच्या नाटकातला कुत्रा फारच मिळमिळीत भुंकला. खरा कसा भुंकतो, जरा भुंकून दाखवा."

फोनच्या पलीकडे नाट्यविभागाचे प्रमुख खुर्चीत सरसावून बसले. मग घसा खाकरून खरोखर भुंकले.

"आता चावताना कसा?"

"पोपटा, तूच ना रे? थांब, तुझी मानच मुरगाळतो!"

ध्वनिफितींच्या खोलीतल्या कारकुनाने हसत फोन ठेवला. रेडिओ केंद्रात सगळे त्याला पोपट म्हणत. बावीस वर्षं तो फिती शोधून देत होता आणि ज्याचा त्याचा आवाज काढत होता. केंद्राच्या साहेबांच्या आवाजात त्याने एकदा सगळ्या कचेरीला गच्चीवर कवायतीला उभं केलं होतं.

निवेदकाच्या परीक्षेला मात्र तो तीनदा बसला आणि तिन्ही वेळा नापास झाला. तिसऱ्या वेळी परीक्षक म्हणाले होते, "वाचता छान हो. पण हा आवाज नेमका कुणाचा?" त्यावर त्याने परीक्षकांचीच नक्कल केली. सगळे हसले. घरी गेल्यावर तो जेवला नाही. बायकोने विचारलं, तर दात दुखतोय म्हणाला.

त्या दुपारी ऐनवेळी आलेली बातमी घेऊन तो दबक्या पावलांनी स्टुडिओत शिरला. बातम्या वाचणाऱ्या बाईंपुढे त्याने कागद सरकवला आणि तो वळणार, एवढ्यात बाईंना ठसका लागला. त्या पाणी प्यायल्या, पण ठसका काही थांबेना. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. काचेपलीकडे तंत्रज्ञ उठून उभा राहिला.

बाईंनी पोपटाची बाही धरली, त्याला खाली बसवलं आणि अर्धवट राहिलेल्या वाक्यावर बोट ठेवलं.

बाईंचा आवाज त्याला काढता येत होता. साहेबांचा येत होता, नाट्यप्रमुखांचाही. पण कुणाचा काढायचा हे ठरवायला वेळच कुठे होता? त्याने तोंड उघडलं आणि पुढचे शब्द वाचले.

जरासा खरखरीत, संथ आवाज होता तो. पहिल्या ओळीला त्याचं त्यालाच नवल वाटलं. तिसऱ्या ओळीपासून तो नुसता वाचत गेला. साडेपाच मिनिटं. एकाही शब्दावर अडखळला नाही.

प्रसारण चालू असल्याचा लाल दिवा विझला. दाराशी साहेब उभे होते, त्यांच्यामागे नाट्यप्रमुख आणि निम्मी कचेरी.

"कुणाचा आवाज काढलात?" साहेबांनी विचारलं.

"माझाच, साहेब."

"मग इतकी वर्षं कुठे दडवून ठेवला होतात?"

पोपटाने हातातले कागद नीट जुळवले. टाळ्यांना सुरुवात नाट्यप्रमुखांनी केली. बाई बसलेल्या घशाने म्हणाल्या, "उद्यापासून दुपारच्या बातम्या हे वाचतील. डॉक्टर मला आठवडाभर बोलायला बंदीच करणार आहेत. आणि त्यानंतरही वाचू देत."

साहेबांनी मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी बातम्यांना दहा मिनिटं असताना तो नळाशी गेला. तोंड धुतलं, केस ओले करून नीट भांग पाडला, शर्टाचं वरचं बटण लावलं. मग कागद उचलले आणि स्टुडिओकडे चालू लागला.