थोरलीने लपवलेली गाठ

एका घरात दोन सुना आल्या की तुलना आलीच, आणि ती बहुधा सासूच करते. या घरातही तेच झालं होतं.

थोरली पुढच्या खोलीत बायकांचे कपडे शिवायची. वीस वर्षं शिलाई मशीन चालवून तिने संसाराला हातभार लावला होता. पण पाहुणे आले की सासूबाई कौतुक करायच्या ते धाकटीचं. धाकटी मोठ्या रुग्णालयात एमआरआय विभागात तंत्रज्ञ होती. "आमची धाकटी माणसाच्या आतलं बघते!" सासूबाई सांगायच्या. आणि थोरली? "ती आपली शिवते काहीबाही." ते 'काहीबाही' थोरलीच्या जिव्हारी लागायचं.

एकदा जेवताना धाकटी उत्साहाने सांगू लागली, "आता आमच्याकडे स्पेक्ट्रोस्कोपी सुरू झालीय. एमआरआय गाठीचं चित्र दाखवतो. ही तपासणी गाठीत कोणती रसायनं आहेत ते सांगते. कोलीन नावाचं द्रव्य वाढलेलं दिसलं, तर स्तनाच्या कॅन्सरचा संशय बळावतो."

"जेवताना रोगांच्या गोष्टी नकोत," थोरली फटकन म्हणाली.

"बोलू दे गं तिला," सासूबाई म्हणाल्या. "तुला नाही त्यातलं कळायचं."

थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला.

पुढच्याच महिन्यात अंघोळ करताना तिच्या हाताला डाव्या स्तनात गाठ लागली. टणक, वाटाण्याएवढी, न दुखणारी. तेव्हा तिच्या मनात पहिला विचार आला तो मरणाचा नव्हे, धाकटीचा! 'तपासायला जायचं ते हिच्यापुढेच? ही मला वाचवणार, आणि सासूबाई जन्मभर तेच ऐकवणार?' चार महिने तिने कुणापुढे, अगदी नवऱ्यापुढेही, ब्र काढला नाही.

एके दिवशी एक निवृत्त शिक्षिका कपडे घेऊन आल्या. "डाव्या बाजूला आतून खिसा लाव," त्या सहज म्हणाल्या. "कृत्रिम स्तन ठेवायचाय. आठ वर्षं झाली ऑपरेशनला."

थोरलीच्या हातातली टेप तशीच राहिली. मग डोळे पुसत तिने सगळं सांगून टाकलं.

"चार महिने? आणि अजून इथेच बसलीयस?"

"इथलं मोठं रुग्णालय एकच, आणि तिथे धाकटी आहे, बाई. आधीच सगळे तिचे गोडवे गातात. आता तिच्यासमोर कपडे काढून पडू?"

बाईंनी चष्मा काढला. "दुसऱ्याला अपशकून व्हावा म्हणून आपलं नाक कापणारी माणसं ऐकली होती. तू तर जीव द्यायला निघालीस! तू मेलीस तर तिचं कौतुक कमी होईल का गं?"

त्या रात्री थोरलीने नवऱ्याला सगळं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी ती नवऱ्याला घेऊन डॉक्टरांकडे गेली. मॅमोग्राफी आणि सोनोग्राफीत चित्र स्पष्ट होईना. डॉक्टर म्हणाल्या, "एमआरआय आणि स्पेक्ट्रोस्कोपी करू. त्यातून अंदाज येईल. पक्कं निदान मात्र सुईने तुकडा काढून तपासल्यावरच."

एमआरआयच्या खोलीच्या दाराशी धाकटी उभी होती. तिने हातातला कागद वाचला, क्षणभर थोरलीकडे पाहिलं. 'मला का नाही सांगितलंस?' असं ती विचारेल म्हणून थोरली ताठ झाली. पण धाकटी एवढंच म्हणाली, "ताई, केसांत सुई खोचायची सवय आहे ना तुला? बघू."

खरंच अंबाड्यात दोऱ्यासकट सुई होती! धाकटीने ती अलगद काढली. "आत प्रचंड मोठं लोहचुंबक आहे. भलतंच झालं असतं."

थोरली पालथी झोपली. यंत्राचा ठणठणाट सुरू झाला. कानावरच्या हेडफोनमधून धाकटीचा आवाज आला, "अजून सात मिनिटं, ताई. अजिबात हलू नकोस. मी इथेच आहे."

त्या संध्याकाळी जेवायला बसल्यावर थोरलीचं सारं लक्ष धाकटीकडेच होतं. आता ही सांगणार! सासूबाईंनी विचारलंच, "आज काय विशेष कामावर?"

"रोजचंच, आई," धाकटी म्हणाली.

भांडी आवरताना थोरलीने विचारलं, "का नाही सांगितलंस?"

"ते तुझं आहे. सांगायचं तेव्हा तू सांगशील." धाकटीने ताट पुसून ठेवलं. "माझी पोरं शाळेतून आली की आधी तुला हाक मारतात. मलाही जळायला होतं, ताई. खोटं कशाला बोलू?"



कोलीन वाढलेलं निघालं. सुईच्या तपासणीत कॅन्सर नक्की झाला. "आधी आला असतात तर गाठ लहान असताना सापडली असती," डॉक्टर म्हणाल्या. "पण अजून पसरलेली नाही. उपचार करू."

घरी येऊन थोरलीने सगळ्यांसमोर सांगितलं, "मला कॅन्सर आहे. आणि चार महिने मी तो हेव्यापायी लपवला!"

सासूबाईंनी तिला जवळ घेतलं. "तराजू माझ्या हातात होता गं," त्या रडत म्हणाल्या. "तोलायला मीच लागले होते."

ऑपरेशन झालं, औषधं झाली, केस गेले आणि परत आले. थोरलीचा हेवा एका दिवसात गेला नाही. अजूनही कधीतरी डोकं वर काढतो. पण आता ती माप घेताना प्रत्येक बाईला विचारते, "स्वतःला तपासतेस ना? आणि काही लागलं तर गप्प बसणार नाहीस ना?"

बायांनो, आणि त्यांच्या घरच्यांनो, सुनांना एकमेकींशी तोलू नका, आणि हाताला लागलेली गाठ कुणाच्या रागापायी, लाजेपायी लपवू नका. रोगाला मानापमान कळत नाही. आपण गप्प राहिलो, तर तो मात्र वाढत राहतो!