बालविभागातले कोंबड्यांचे रोग

आठवीत मी शाळा सोडली. सोडली म्हंजे मास्तरांनी छडी उगारली आनि मी ती वरच्या वर धरली. मास्तरबी सोडंनात, मीबी सोडंना. शेवटी छडी मोडली आनि माझी शाळाबी. त्यानंतर वर्षभर जो भेटंल तो एकच इचारायचा, "मान्या, कितवीला हायस रं?" मी त्याच्या अंगावर जायचो.

म्हनून वाचनालयाचे चिटणीस विष्णुपंत जवा म्हनले, "बालविभाग सांभाळतोस का?" तवा मी त्यांच्या तोंडाकडं बघतच ऱ्हायलो. मला वाटलं, ह्यांनी माझ्यात काहीतरी गुन बघितला. नंतर कळलं, माझ्या आधीच्या दोघांना पोरांनी पळवून लावलं हुतं, आनि विष्णुपंतांना आता भांडखोर मानूस पायजे हुता.

बालविभाग म्हंजे वाचनालयाची मागची खोली. दोन कपाटं, एक सतरंजी, एक खिडकी. पन तिथं बसलो की पोरं मला मानसिंगदादा म्हनायची. कितवीला हायस, ते कुनी इचारत नव्हतं. मला अख्ख्या गावात तेवढी एकच जागा हुती. आनि त्याच खोलीवर विष्णुपंतांच्या दोस्तांचा डोळा. त्यांना तिथं कॅरम मांडायचा हुता. पावसाळ्यात साताऱ्याहून तपासनीस साहेब येनार. त्यांना बालविभाग बरा दिसला न्हाई, तर खोली कॅरमला आनि मी म्हशीमागं, असा सगळा हिशेब.

पोरं वाचायला येत नव्हती, दंगा करायला यायची. आत्ता नेलेलं पुस्तक अर्ध्या तासात परत. सुताराच्या सयाजीनं तर एका पुस्तकावर पेरू चिरला. मी त्याचा कान धरला तर म्हनतो, "दादा, पाट म्हनून लय झ्याक हाय की!"

माझं डोकं सटकलं. मी कपाटाला पाठ लावून हुबा ऱ्हायलो आनि वरडलो, "आजपासनं ज्यानं पुस्तक नेलं त्यानं त्यातली गोष्ट सांगायची. मोठ्यानं, सगळ्यांच्या म्होरं. गोष्ट न्हाई तर दुसरं पुस्तक न्हाई!"

मला वाटलं, मी लय हुशारीचं केलं.

आता पुस्तकांचं सांगतो. पुस्तकं तीनशे. त्यातली निम्मी सांगलीच्या एका रिटायर झालेल्या साहेबांच्या घरनं पेटी भरून फुकट आलेली. सगळ्यांना एकाच खाकी कापडाची बांधनी, पाठीवर नुसता नंबर. विष्णुपंतांना बालविभागात तीनशेचा आकडा दाखवायचा हुता, म्हनून त्यांनी पेटी आली तशी माझ्या कपाटात वतली. आत काय हाय ते त्यांनी बघितलं न्हाई. मीबी न्हाई. मला वाचता येतं, पन पुस्तक हातात धरलं की मला मास्तर दिसायचे. तवा माझं काम एवढंच, नंबर बघून पुस्तक काढायचं आनि पोरावर खेकसायचं.

तर पहिल्या दिवशी सगळी गप. मग कासाराची बनी हुबी ऱ्हायली. दहा वर्षांची, एक येनी सुटलेली, हातात एकशे चौदा नंबर. म्हनली, "सांगू?"

"सांग. आनि चोरून बघायचं न्हाई."

बनीनं पुस्तक पाठीमागं धरलं आनि महाबळेश्वरच्या घाटातल्या एका दरोडेखोराची गोष्ट सांगितली. तो लुटीचं सोनं हिरीत टाकायचा, आनि हिरीचं पानी कडू व्हायचं, त्यावरनं गावाला कळायचं आज कुठंतरी दरोडा पडला. सयाजी इतका जवळ सरकला की त्याचं गुडघं तिच्या पायाला लागलं. शेवटाला बनी थांबली. म्हनली, "बाकीचं दुसऱ्या भागात हाय. मला एकशे पंधरा द्या."

मी दिलं. मलाच म्होरलं ऐकायचं हुतं.

मग काय, पोरं वाढली. आठाची पंधरा झाली, पंधराची चाळीस. सयाजीनंबी पुस्तक नेलं आनि दोन डोक्यांच्या बैलाची गोष्ट सांगितली. रोज पाच वाजता सतरंजी कमी पडायची. विष्णुपंत दारातनं बघून जायचे आनि दोस्तांना सांगायचे, "कॅरमचं विसरा आता." मी बापाला म्हनलो, "मी पोरांना वाचनाची गोडी लावली." बाप मिलिटरीतनं सुट्टीवर आलेला. त्यानं मला खालपासनं वरपर्यंत बघितलं आनि म्हनला, "तू?" मी त्याच्याशीबी भांडलो.

साहेब यायचा दिवस उजाडला. आनीबानीचे दिवस, साहेब लोक घड्याळावर चालायचे. दहा म्हनले तर दहाच. विष्णुपंत हार आनायला गेले हुते, ते हार घिऊन साहेबांच्या मागनं आत आले.

शाळा बुडवून आलेली पोरं गपगार बसलेली. साहेबांनी हजेरीची वही बघितली, पोरं मोजली, मान हालवली. विष्णुपंतांचा चेहरा फुलला. माझाबी. तिथं मी गप बसायला पायजे हुतं.

साहेब म्हनले, "चाळीस मुलं! हे कसं जमवलंत?"

"मी सगळी पुस्तकं वाचलेली हायत, साहेब. पोरांनी फसवायचं म्हनलं तरी जमत न्हाई."

"सगळी? तीनशे?"

"व्हय."

साहेबांनी कपाटातनं सहज एक काढलं. एकशे चौदा. माझ्या मनात उकळ्या फुटल्या. मी छाती काढून दरोडेखोर सुरू केला. घाट सांगितला, हीर सांगितली, कडू पानी सांगितलं. साहेब पुस्तक उघडून बघत हुते. मधीच त्यांनी पान उलटलं आनि म्हनले, "थांबा. ही विहीर कितव्या पानावर?"

"मधी कुठंतरी हाय की."

साहेबांनी पुस्तक माझ्याकडं वळवलं. आत एका कोंबडीचं चित्र, मान वाकडी झालेली. वर मोठ्या अक्षरात, 'कोंबड्यांचे रोग व त्यांवरील उपाय.'

विष्णुपंतांच्या हातातला हार खाली आला.

मला तवा लाज वाटायला पायजे हुती. मला आला राग. मी साहेबांच्या म्होरंच वरडलो, "बने! हुबी ऱ्हा! काय सांगितलंस मला?"

बनी हुबी ऱ्हायली. भ्याली न्हाई. म्हनली, "त्यात गोष्टच नव्हती, दादा. नुसत्या कोंबड्या मरत हुत्या. तुमी म्हनला, गोष्ट न्हाई तर दुसरं पुस्तक न्हाई. मग मी केली."

"आनि एकशे पंधरा?"

"त्यात खत."

सयाजी मागनं म्हनला, "माझ्यात ऊस हुता. उसावरचा किडा. त्यात बैल कुठनं आनायचा?"

मग एकेक पोर बोलाय लागलं. कुनाला कलमं, कुनाला गुरांचे दात. चार महिने अख्खा बालविभाग मला थापा मारत हुता, आनि मी पुढच्या भागासाठी मान फुडं काढून बसत हुतो. गावातलं सगळ्यात भोळं पोर कोन, तर बालविभागाच्या कुलपाची किल्ली ज्याच्या गळ्यात तो.

साहेब हसले न्हाईत. त्यांनी विष्णुपंतांना इचारलं, "ही पुस्तकं बालविभागात कुणी नोंदवली?" विष्णुपंत हाराकडं बघत ऱ्हायले. साहेबांनी शेऱ्याच्या वहीत बराच येळ लिहिलं. मुलं येतायत, म्हनून खोली बालविभागाकडंच ऱ्हानार. शेतीची पुस्तकं बाहीर काढायची, मुलांची आनायची. आनि तिथं पुस्तकं वाचनारा मानूस बसवायचा. तोवर चिटणीसांनी सोता बसायचं.

विष्णुपंतांनी माझ्याकडं हात पुढं केला. मी किल्ली काढून दिली. दिली म्हंजे सतरंजीवर फेकली.

मला वाटलं, उद्या एकबी पोर फिरकनार न्हाई. मी बालविभागाच्या खिडकीसमोरच्या सायकलच्या दुकानाच्या पायरीवर बसलो, विष्णुपंतांची फजिती बघायला. पाच वाजता चाळीसच्या चाळीस आली. विष्णुपंत एकाला दोन पुस्तकं देत हुते, नवी, चित्रांची, साहेबांच्या धाकानं सकाळीच साताऱ्याहून आनलेली. कुनी मला हाक मारली न्हाई. सयाजीनं तर जाताना म्हनलं, "दादा, आता सायकलच्या दुकानात का?"

आठ दिवस मी त्या पायरीवर बसलो. रागानं बसलो, असं सांगत हुतो. खरं तर आत काय चाललंय ते तिथनं चांगलं ऐकू यायचं. बनी रोज गोष्ट सांगतच हुती. पुस्तकातली का तिची, ते कळत नव्हतं.

नवव्या दिवशी मी उठलो आनि पोरांच्या रांगेत जाऊन हुबा ऱ्हायलो. म्होरं सगळी माझ्या कंबरंएवढी. मागनं एकानं ढकललं. मी वळून त्याची गचांडी धरनार, तेवढ्यात विष्णुपंत चष्म्यावरनं बघून म्हनले, "इथं दंगा चालणार नाही. तुला काय हवंय?"

"मेंबर व्हायचंय."

"बालविभाग पंधरा वर्षांपर्यंत आहे. किती वर्षांचा तू?"

सोळावं सरून दोन महिने झालेले. सगळी पोरं माझ्याकडं बघत हुती. बनीबी.

"पंधरा," मी म्हनलो.

विष्णुपंतांनी माझ्या मिशीकडं बघितलं, फॉर्म फुडं सरकवला आनि म्हनले, "नाव नीट लिही. आणि पुस्तक इथंच खिडकीत बसून वाच, घरी न्यायला मिळणार नाही."