तेलाच्या डब्याचा हेवा

मित्रांनो, मी एक जुना कर्णा आहे. सप्ताहाच्या मांडवावर उंच बांधलेला, मोठ्या तोंडाचा, ॲल्युमिनियमचा, तोच मी. आपली कहाणी सांगायला बसलं की जो तो आपले गुण आधी सांगतो. मी माझा दुर्गुण आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. मी फार हेवा केला. तोही कोणाचा, तर पोचे आलेल्या, बुडाला गंजलेल्या एका तेलाच्या डब्याचा.

माझा जन्म कारखान्यातला. पत्रा गरागरा फिरवत दाबला, त्याला फुलासारखा आकार दिला आणि झालो मी. पाथर्डी रस्त्याला आत एका गावात गोरक्ष नावाचा माणूस मांडव आणि लाऊडस्पीकर भाड्यानं देई. त्यानं मला आणलं आणि माझ्या काठावर लाल रंगात ‘जय हरी साऊंड’ लिहिलं. माझ्या मानेत एक जड युनिट बसवलेलं असे. तारेतून आवाज त्यात यायचा आणि माझ्या तोंडातून जगात जायचा.

काय सांगू मित्रांनो, ते दिवस. पहाटे काकडा, मग पारायण, सांजेला हरिपाठ आणि त्यानंतर कीर्तन. भागवतमहाराज उभे राहिले, मागं टाळकरी सरसावले, मृदंगावर थाप पडली की माझं अंग झिणझिणायचं. महाराज हसवता हसवता एकदम रडवायचे. दुसऱ्या दिवशी विहिरीवर बायका म्हणायच्या, काय आवाज होता गं काल, पार मळ्यापर्यंत ऐकू आला. मी वर बांधलेला ऐकायचो आणि ती स्तुती खुशाल माझ्या नावावर जमा करायचो. बोलत होते महाराज. फुगत होतो मी.

आमच्या गावाची एक गंमत होती. ओढ्यापलीकडच्या गावातही सप्ताह नेमका त्याच आठवड्यात बसायचा. आमचे महाराज थोर की त्यांचे, यावर दोन्ही गावांत वर्षभर चढाओढ. एका वर्षी आमच्या मंडळींनी ठरवलं की माझ्यासकट चारही कर्णे ओढ्याकडं तोंड करून बांधायचे, म्हणजे त्या लोकांना कळेल कीर्तन कशाला म्हणतात. पलीकडच्यांनीही अगदी तेच ठरवलं होतं. झालं, सात दिवस ते गाव आमच्या महाराजांचं कीर्तन ऐकत बसलं आणि आमचं गाव त्यांच्या महाराजांचं. काल्याच्या दिवशी पंगतीत आमचीच माणसं पलीकडच्या महाराजांनी दिलेला दृष्टांत एकमेकांना रंगवून सांगत होती. तरी कर्णे कोणी फिरवले नाहीत. ते पुढं तसेच बांधायची चाल पडली.

मग कपाटाएवढाले काळे स्पीकर आले. त्यांच्यासमोर मी म्हणजे जत्रेतली पिपाणी. पहिला हेवा मी त्यांचा केला. एका लग्नात माझं युनिट जळालं, गोरक्षनं ते काढून घेतलं आणि मला पडवीत टाकलं. वर्षभर एक कोंबडी माझ्यात अंडी घालत होती. मित्रांनो, तिचाही हेवा वाटायचा, कारण तिनं अंडं घातलं की ओरडून साऱ्या आळीला सांगता तरी येई. शेवटी गोरक्षनं पडवी साफ केली आणि मी भिंगारला गनीभाईंच्या भंगारच्या दुकानात येऊन पडलो.

गनीभाई म्हणजे पांढऱ्या दाढीचे, कमी बोलणारे गृहस्थ. त्यांची बायको शरिफा सगळा माल निवडायची. तांबं एकीकडं, लोखंड एकीकडं, पत्रा एकीकडं. दर शनिवारी भट्टीकडं जाणारा टेम्पो यायचा. माझं तोंड मोठं, मी फार जागा खायचो म्हणून दोनदा मागं राहिलो. तिसऱ्या खेपेला गनीभाई म्हणाले की पुढच्या शनिवारी याला ठोकून चपटा करू, मग बसेल. त्यांनी ते साधेपणानं सांगितलं, पण मी त्या दिवसापासून दिवस मोजू लागलो.

त्याच आठवड्यात दुकानात सुकन्या आली. नगरमध्ये लोकांनी लोकांसाठी चालवलेलं एक छोटं रेडिओ केंद्र आहे, तिथं ती कार्यक्रम करते. तिच्या मनात एक वेगळाच कार्यक्रम होता, ‘टाकलेल्यांची मैफल’. घराघरांतून फेकलेल्या वस्तू वाजवायच्या, त्यांचा आवाज घ्यायचा आणि त्या वापरणाऱ्यांच्या तोंडून त्यांची हकिगत ऐकवायची. माणसं रोज काय काय टाकून देतात ते लोकांच्या कानावर पडावं, एवढंच तिचं म्हणणं. गनीभाईंनी परवानगी दिली आणि वर शब्दही दिला की ती ज्या वस्तू निवडेल त्यांना हातोडा लागणार नाही.

मला वाटलं, देव पावला. आवाजाचा कार्यक्रम म्हटल्यावर माझ्याशिवाय निवडायचं कोणाला?

सुकन्या एकेक वस्तू बोटांनी ठोकत निघाली. कुकरचं झाकण खणखणलं, निवडलं. सायकलचं चेनकव्हर किणकिणलं, निवडलं. फुटकी घागरसुद्धा काहीतरी घुमली. माझ्यापाशी आली, टिचकी मारली. काठाला चीर गेलेली, त्यामुळं नुसता थप्प असा आवाज आला. तिनं माझ्या मानेकडून हाक मारून पाहिली. तिचीच हाक पुढून बाहेर पडली. ती हसून शरिफाला म्हणाली, “वहिनी, याला स्वतःचा आवाजच नाही हो.”

आणि मला खाली ठेवून पुढं गेली. तिनं कुजकेपणानं म्हटलं नव्हतं. खरं होतं म्हणूनच लागलं.

इतक्यात बनुबाई आल्या. या मूळच्या आमच्याच गावच्या. मुलगा कॅन्टोन्मेंटमध्ये माळीकाम करतो म्हणून म्हातारपणी भिंगारला आलेल्या. कानानं बऱ्याच कमी. आठवड्याला बाटल्या-पुठ्ठे घेऊन येत, त्या दिवशी बरोबर एक तेलाचा डबाही होता. सुकन्यानं त्यांना जवळ बसवून, मोठ्यानं ओरडून डब्याची हकिगत विचारली. बनुबाईंनी ती अशी सांगितली की शरिफासुद्धा काम थांबवून ऐकत राहिली. लेकीच्या लग्नाचं तेल त्यात आलं. मग त्यात ज्वारी राहिली. मग चुलीवर अंघोळीचं पाणी तापलं. पुढं शेतात पाखरं हाकायला तो बडवला. आणि बायकांच्या भजनाला मृदंग मिळायचा नाही, कारण पुरुष तो सोडायचे नाहीत, तेव्हा हाच डबा पालथा घालून बनुबाई ठेका धरायच्या.

“वाजवून दाखवता का आजी?” सुकन्यानं विचारलं.

बनुबाईंनी डबा मांडीवर घेतला आणि एक गवळण सुरू केली. मित्रांनो, मी कीर्तनात वाढलेला, मला ठेका कळतो. डब्याचा आवाज पोटातून येत होता. काठाजवळ कोरडा, मधोमध ओला. गनीभाई तराजू सोडून उभे राहिले. आणि मी जळलो. मी महाराजांना दोन गावांत पोचवलं, आणि कौतुक या पत्र्याचं? ज्यात अंघोळीचं पाणी तापलं त्याचं?

गवळण संपल्यावर बनुबाईंची नजर माझ्यावर गेली. काठावरच्या लाल अक्षरांवरची धूळ त्यांनी पदरानं पुसली.

“आगं बया, गोरक्षचा कर्णा न्हवं ह्यो,” त्या म्हणाल्या. “लई छळलं ह्यानं आमाला. कीर्तन समदं वढ्यापल्याड, आन आमी मांडवात बसून म्हाराजांचं नुसतं तोंड हलताना बघायचो. तवा कान तरी धड हुते.”

शरिफा पोट धरून हसली. मला मात्र तिथल्या तिथं चपटं व्हावंसं वाटलं.

सुकन्यानं घेतलेला आवाज मोबाईलवर लावून बघितला आणि तिचा चेहरा उतरला. रस्त्यावरून मिलिटरीचे ट्रक एकामागून एक जात होते. सगळीकडं त्यांचीच घरघर. डबा तिच्यात बुडाला होता. बनुबाईंना तर ट्रकही ऐकू येईनात. त्या कानामागं हात धरून मोबाईलकडं वाकल्या. मग त्यांना काय सुचलं कोणास ठाऊक, त्यांनी मला उचललं, माझी मान आपल्या कानाला लावली आणि तोंड मोबाईलकडं केलं.

“येतंय की,” त्या हळूच म्हणाल्या. “माझाच आवाज हाय व्हय ह्यो? किती पिकलाय.”

सुकन्या एकदम उठली. तिनं छोटा माइक चिंधीत गुंडाळून माझ्या मानेत बसवला, युनिट बसायचं तिथं, आणि माझं तोंड डब्यासमोर धरलं. आता रस्ता माझ्या पाठीशी होता. समोरचा आवाज तेवढा माझ्यात शिरणार होता.

म्हणजे ज्याचा हेवा, त्याचाच आवाज मी गोळा करून द्यायचा. खरं सांगतो, त्या घडीला मला बहिरं व्हावंसं वाटलं. एकदा मी माझी चीर थरथरवून खरखर करायचाही प्रयत्न केला. पण शरिफानं तिथं ओला कपडा दाबून धरला आणि माझा इलाज खुंटला. बनुबाईंनी पुन्हा गवळण धरली.

आणि मला ऐकू आलं. सबंध आयुष्यात पहिल्यांदा. मांडवावर असताना माझी पाठ नेहमी महाराजांकडं असायची, मला घाई असायची ती पुढं ओरडण्याची. नवविधा भक्तीत श्रवण पहिलं आणि कीर्तन त्यानंतर, हे मीच शेकडो वेळा गावभर ओरडून सांगितलं होतं. ते सांगताना ऐकलं कोणी होतं? आता डब्याचा एकेक ठोका माझ्या काठावर येऊन, वळत वळत आत उतरत होता. हातातल्या बांगडीचा स्पर्शसुद्धा कळत होता. गोड होतं ते. गोड होतं म्हणून जास्तच जळलो, हेही कबूल करतो. एका ऐकण्यानं हेवा धुऊन जात असता तर सगळे मांडव संतांनीच भरले असते.

कार्यक्रम शनिवारी अकराला लागणार होता. शनिवारी टेम्पोही आला. गनीभाईंनी माल भरणाऱ्यांना थांबवलं, मोबाईलवर केंद्र लावलं आणि बनुबाईंना खुर्ची दिली. त्या दिवशी घरी परत नेलेला डबा त्या घेऊनच आल्या होत्या. कार्यक्रम सुरू झाला. सुकन्यानं प्रत्येक वस्तूची ओळख करून दिली. कुकरचं झाकण, चेनकव्हर, फुटकी घागर, आणि शेवटी अगदी मायेनं म्हणाली, बनुबाईंचा डबा. मी वाट बघत राहिलो. माझं नाव आलं नाही. ऐकणाऱ्याचं नाव घ्यायची रीत कुठंच नसते. आणि निवडलेल्यांत मी नव्हतोच, म्हणजे गनीभाईंचा शब्द मला लागू नव्हता. हातोडा टेम्पोच्या फळीवरच पडलेला होता.

बनुबाईंना मोबाईल ऐकू येईना. त्यांनी मला ओढून घेतलं, कानाला लावलं आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत तशाच बसून राहिल्या. ज्या कार्यक्रमात माझं नाव नाही, तो मी त्यांना अक्षर न गाळता ऐकवला. संपल्यावर त्यांनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, “गनीभाई, ह्यो कर्णा मला द्या. ह्यानं कीर्तन ऐकाया येतं का बघते.”

“न्या मावशी,” गनीभाई म्हणाले. “नाहीतर आज तो जाणारच होता.”

“फुकट न्हाई न्यायची. ह्यो डबा घ्या.”

गनीभाईंनी सुकन्याला दिलेल्या शब्दाची आठवण दिली. शरिफा म्हणाली, अहो मावशी, आत्ताच त्याचं नाव रेडिओवर आलं, घरी मिरवा की. बनुबाईंनी डबा उलटा करून दाखवला. बूड चाळणीसारखं झालं होतं.

“हे बघ पोरी. ह्यात आता न दाणा ऱ्हायचा, न पानी. कोपऱ्यात ठिवला तर मुंगळं हुतील. जाऊ दे भट्टीत. नवा जलम मिळंल त्याला.”

गनीभाईंनी डबा दोन्ही हातांनी घेतला आणि टेम्पोवर सगळ्यात वर, नीट बसवून ठेवला.

मित्रांनो, मला हवं होतं तेच घडलं होतं. मी राहिलो, तो चालला. मग मला आनंद का होईना? मी डब्याकडं बघितलं. गंज लागलेला, उन्हात शांत. त्यानं माझं कधी काही वाकडं केलं नव्हतं. त्यानं माझ्याकडं कधी बघितलंसुद्धा नव्हतं. जळत होतो तो मी एकटाच. आता तो गेल्यावर या हेव्याचं काय करायचं, हेही मला कळेना.

टेम्पो सुरू झाला. रस्त्यावर ट्रक होतेच, कलकलाट होताच. बनुबाई मला कानाला लावूनच उभ्या होत्या आणि माझं तोंड रस्त्याकडं होतं. वळणावर खड्डा आला, टेम्पो आदळला, आणि त्या सगळ्या गोंगाटात डबा एकदाच वाजला. पोटातून, खोल.

थोडा तरी आवाज अडवावा असं या वेळी माझ्या मनात आलं नाही. जेवढा आला तेवढा सगळा मी म्हातारीच्या कानात नेऊन सोडला.

“गेला,” बनुबाई म्हणाल्या. “नीट ऐकाया आला.”

मित्रांनो, घरातली एखादी वस्तू टाकायची वेळ प्रत्येकावर येते. खुशाल टाका, आम्हाला राग नाही. फक्त टाकण्याआधी तिला एकदा हातात घ्या, वाजवा, आणि कान देऊन ऐका. आपल्याला कोणीतरी ऐकलं, एवढ्यावर आम्ही भट्टीतसुद्धा सुखानं जातो. हे मी तुम्हाला त्या डब्याच्या वतीनं सांगतो आहे. त्याचं अंग पत्र्याचं होतं, काम भांड्याचं होतं, आणि आवाज, मित्रांनो, माझ्यापेक्षा चांगला होता.