नाक्यावरची चूल

जंगलाच्या नाक्यावर रुक्माबाईच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. आज बुद्धपौर्णिमा, डोक्यावरच्या पाटीत जडशीळ वीट, मागे गावातल्या बाया, आणि हा छोटेलाल गार्ड बांबू आडवा टाकून उभा!

"आज कोणालेच आत सोडत नाही, मावशी. आज पाणवठ्यावर जनावरं मोजतेत. पौर्णिमा हाय ना."

"पौर्णिमा कोणाची हाय रे? तुझ्या वाघाची?"

आता रागावू नये तर काय करावं माणसानं? आत, सागाच्या रानात जुन्या विहाराचे पडके ओटे आहेत. ते कुणाचे हे ठाऊक नव्हतं, तेव्हा गावानं तिथल्या हातभर लांब विटा उचलून आणल्या आणि खुशाल चुली मांडल्या. मग एका भंतेजींनी सांगितलं, अरे, इथं भिक्खू राहत होते. रुक्माबाईच्या नवऱ्याला, खेमराजला, मेल्याहून मेल्यासारखं झालं. बापाचं घर फोडून त्यावर आपण भात शिजवला! तेव्हापासून दर बुद्धपौर्णिमेला घराघरातून एक वीट परत जायची. यंदा खेमराज वारला. त्याच्या चुलीतली शेवटची वीट तेवढी राहिली होती. "तेवढी पोचव," एवढंच तो जाताना बोलला होता.

छोटेलालनं पाटीत डोकावलं. "हे तर जंगलातलं सामान. कुठून आणली? चोरीची केस होते, मालूम हाय का?"

चोर! परत करायला आलेली बाई चोर! तेवढ्यात मागून जीप आली. आत टोपीवाले, मोठाले कॅमेरेवाले. छोटेलालनं लगबगीनं बांबू वर केला, जीप आत घेतली आणि बांबू पुन्हा आडवा टाकला.

"यायले काऊन सोडलं?"

"मचाणावर बसणार हायेत. परमिशन हाय त्याईच्याजवळ."

"बुद्ध आमचा, आन् परमिशन त्याईले! वा रे वा!"

या मेल्यासमोर रडायचं नाही म्हणून तिनं तोंड फिरवलं. नाक्याच्या खोलीमागं चूल पेटलेली, वर छोटेलालचा चहा उकळत होता. चुलीच्या विटा हातभर लांब होत्या.

रुक्माबाईनं पाटी खाली ठेवली. पदरानं भगुनं उतरवलं आणि शेजारची बादली धडाधड चुलीत ओतली.

"अवो मावशी, का करून राहिल्या?"

"चोर पकडून राहिली! कर केस. पयले तुझं नाव लिही, मंग माझं!"

पलीकडे थांबलेल्या जीपमधली माणसं बघत राहिली. छोटेलालला एकदा वाटलं, म्हणावं, मी नव्हती मांडली ही चूल, माझ्या आधीच्यानं मांडली. पण खाल्ला तर त्यानंही होताच तिच्यावरचा भात.

बायांनी कोमट विटा ओल्या गोणपाटात गुंडाळल्या. रुक्माबाईनं बांबू स्वतःच वर ढकलला. खेमराजची वीट डोक्यावर घेऊन ती पुढे झाली, आणि तिच्यामागं नाक्याची अख्खी चूल विहाराकडे निघाली.