डाव्या बुटातले नऊ ग्रॅम

डाव्या बुटाच्या लायनरला वास येत होता, उजव्याच्या नाही. दोन्ही लायनर एकाच दिवशी घेतलेले होते, एकाच मुलीने वापरलेले, एकाच बादलीत एकाच साबणाने धुतलेले आणि एकाच पंख्यासमोर वाळवलेले होते.

मुलगी माझी. अनया, वय वर्षे पंधरा, ओहायोतल्या डब्लिनमधील तिच्या हायस्कूलच्या स्की संघात. आमच्यापासून तासाभराच्या अंतरावर एक टेकडी आहे. तिथे मंगळवारी आणि गुरुवारी शाळेनंतर सराव असतो. पायथ्यापासून माथ्यापर्यंत ती शंभर मीटरही भरत नाही, तरी इथे तिला पर्वत म्हणतात. साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आलेल्या माझ्या थोरल्या बहिणीने, मीनाताईने, ती एकदा पाहिली. "हा पर्वत?" ती म्हणाली. "मग आमच्या अजिंक्यताऱ्याला काय म्हणाल रे तुम्ही?"

स्कीचा बूट दोन भागांचा असतो. बाहेर कडक प्लास्टिकचे कवच आणि आत पायाला घोट्याच्या वरपर्यंत वेढणारी फोमची जाड गादी. या गादीला लायनर म्हणतात. ती बाहेर काढून धुता येते, पण बहुतेक लोक ती कधीच काढत नाहीत आणि वासाचा दोष पायाला देतात. घामाला स्वतःचा वास जवळजवळ नसतो. ओलसर, उबदार फोममधले जिवाणू घामातल्या आणि मेलेल्या त्वचेतल्या पदार्थांवर जगतात, आणि त्यातून जी आम्ले तयार होतात त्यांचा वास येतो. म्हणून उपाय दोनच: जिवाणूंचे खाद्य धुऊन काढणे आणि ओल राहू न देणे. लायनर फ्रीजरमध्ये ठेवल्याने जिवाणू मरत नाहीत, फक्त थांबतात. सुगंधी फवाऱ्याने वासांची संख्या एकाने वाढते.

हे सगळे मला माहीत होते. मी रंग आणि लेप तपासणाऱ्या प्रयोगशाळेत रसायनतज्ज्ञ आहे. पंधरवड्यापूर्वी वास पहिल्यांदा जाणवला तेव्हा मी लायनर कोमट पाण्यात, प्रथिने तोडणाऱ्या सौम्य साबणात अर्धा तास भिजवले, तीनदा खळबळले, टॉवेलात दाबून पाणी काढले आणि पंख्यासमोर दोन दिवस ठेवले. हीटरवर ठेवले नाहीत, कारण हा फोम उष्णतेने पायाच्या आकाराला बसवलेला असतो आणि उष्णतेनेच बिघडतो. वाळल्यावर दोन्ही निर्गंध होते. पुढच्या सरावाला पायात तासभर गेल्यावर डावा पुन्हा तसाच. पुढच्या वेळी मी वाळवण्याच्या जागांची अदलाबदल केली. फरक पडला नाही. डाव्यासाठी वेगळी बादली घेतली. तरीही नाही.

मग सोमवारी कोचची ई-मेल आली. शनिवारी विभागीय शर्यत होती: तीन तासांचा प्रवास, एक व्हॅन, बारा मुली. कोचने सभ्यपणे लिहिले होते की इतर मुलींची तक्रार आहे; बुटांचा प्रश्न शुक्रवारपर्यंत सुटावा, नाहीतर दुकानातून नवे लायनर बसवून घ्यावेत. शेवटी एक वाक्य होते: मुली म्हणतात की लसणासारखा वास येतो.

हे वाक्य मी वाचले आणि बाजूला ठेवले. या देशात एकवीस वर्षे काढल्यावर लसणाचा उल्लेख कुठून येतो हे मला ठाऊक होते. इथल्याच पिस्कॅटवे गावात विद्यार्थी असताना आमच्या मजल्यावर कुणाच्याही घरी काहीही करपले तरी इमारतीचा व्यवस्थापक दार आमचेच ठोठावायचा. भारतीय मुलीचा बूट आहे म्हटल्यावर कुणीतरी लसूण म्हणणारच. ते निरीक्षण नव्हे, पूर्वग्रह, असे मी ठरवले.

"नवे लायनर घे आणि विषय क्लोज कर ना यार," राधिका म्हणाली. राधिका माझी बायको. ती सॉफ्टवेअरचे प्रकल्प सांभाळते आणि तिथेही विषय क्लोज करण्यासाठीच प्रसिद्ध आहे. "प्रत्येक गोष्टीचा थीसिस कशाला?"

"शुक्रवारी दुकानात जाऊ," मी अनयाला म्हणालो. "ते पाय मोजून अर्ध्या तासात बसवून देतात."

"नो!" ती एवढ्या जोरात म्हणाली की ताईने भाजी निवडणे थांबवले. "नवे नकोत. हे माझ्या पायाला सेट झालेत. शर्यतीच्या आदल्या दिवशी कोणी लायनर बदलतं का, बाबा? लास्ट इयर पण मी ही रेस मिस केली. धिस टाइम आय ॲम गोइंग."

तिचे म्हणणे तांत्रिकदृष्ट्या बरोबर होते. मागच्या वर्षी ती या शर्यतीला मुकली होती, हेही खरे. या शर्यतीतल्या पहिल्या चौघी राज्यस्तरावर जातात आणि सरावातल्या वेळांनुसार अनया तिसरी होती. नोव्हेंबरपासून ती दुसऱ्या कशाबद्दल बोलली नव्हती.

"कापूर ठेव रे आत," ताई म्हणाली. ती पस्तीस वर्षे शाळेत खेळाची शिक्षिका होती. "आमच्या सामानाच्या खोलीत चाळीस पोरींचे बूट असायचे. दोन वड्या टाकल्या की सगळं गप्प."

"ताई, कापराने वास जात नाही. त्याच्यावर दुसरा वास बसतो."

"मग बसू दे की. तुला काय त्यांची जनगणना करायचीय?"

अनया हसली. ताईही हसली. त्या दोघींचे आल्यापासून छान जमले होते. राधिका आणि मी साडेपाचपर्यंत कामावर असतो. अनया शाळेतून तीनला घरी येते आणि साडेतीनला व्हॅन तिला सरावासाठी न्यायला येते. त्या अर्ध्या तासात ताई तिला खायला घालते, एवढेच मला माहीत होते.

मंगळवारच्या सरावानंतर डाव्याला पुन्हा वास. मी दोन्ही लायनर त्याच संध्याकाळी धुतले, पंख्याचा वेग वाढवला आणि बुधवारी संध्याकाळी प्रथमच एक साधी गोष्ट केली, जी खरे तर पहिल्याच दिवशी करायला हवी होती. स्वयंपाकघरातल्या काट्यावर दोन्हींचे वजन केले. उजवा ४०३ ग्रॅम. डावा ४१२.

नऊ ग्रॅम पाणी राहिले असावे असे समजून मी आणखी रात्रभर पंखा चालू ठेवला. गुरुवारी मी घरून काम करत होतो. सकाळी पुन्हा वजन केले. उजवा ४०३, डावा ४१२.

पाणी असते तर उडून गेले असते. जे उडत नाही, साबणाच्या कोमट पाण्यात तीन वेळा बुडवूनही जात नाही आणि फोममध्ये मुरून बसते, ते बहुधा तेल असते. याची चाचणी सातवीच्या पुस्तकात आहे. किराणा दुकानाची तपकिरी कागदी पिशवी मी कापून सपाट केली, राधिकाच्या हेअर ड्रायरने डावा लायनर आतून जरा कोमट केला आणि कागद आत सगळीकडे दाबून धरला. तळव्याकडचा भाग कोरडा. टाच कोरडी. बोटांकडे काही नाही. बाहेरच्या बाजूला, घोट्याचे हाड जिथे टेकते तिथे, तळहाताएवढा पारदर्शक डाग. तो मी खिडकीशी धरला. दहा मिनिटांनी पाहिले, अर्ध्या तासाने पाहिले. वाळला नाही. उजव्या लायनरमध्ये दुसरा कागद दाबला. तो तसाच कोरा राहिला.

मग मी डागाचा वास घेतला. लसूण होता. त्याच्या मागून ओवा.

घरात रोज फोडणी होते आणि घरातल्यांच्या नाकाला ती जाणवेनाशी होते, हे मी इतरांना अनेकदा समजावून सांगितले आहे. मला डाव्या बुटातून फक्त 'कुजका वास' येत होता. अकरा वेगळ्या नाकांना त्यातला घटक ओळखता आला होता. त्यांनी तो अचूक नोंदवला होता. मी ती नोंद खोडली, कारण ती ज्या दिशेने आली ती मला आवडली नाही. प्रयोगशाळेत माझ्या हाताखालच्या कुणी असे केले असते तर मी त्याला परत कॉलेजात पाठवले असते.

तीन वाजता अनया आली. ताई गॅसपाशी उभी होती. शेगडीवर छोटी कढई होती. मी जेवणाच्या टेबलावर कागद ठेवला.

"अनया, डावा मोजा काढ."

"व्हाय?" ती माझ्याकडे न पाहता ताईकडे पाहत होती.

"चारू," ताई मला म्हणाली, "पोरीला आधी चार घास खाऊ दे. भुकेली आलीय."

"ताई, लसणाच्या पाकळ्या किती?"

कढईतले तेल चुरचुरत होते. ताईने गॅस बंद केला.

"चार," ती म्हणाली. "आणि चमचाभर ओवा. तिळाच्या तेलात. आईने तुझ्या गुडघ्याला हेच लावलं होतं, तेव्हा नाही तुला कुठलं शास्त्र आठवलं."

"गुडघा आपोआप बरा झाला असता."

"झाला असता. पण तू रडायचा थांबलास ना?"

अनयाने मोजा काढला. घोट्याच्या बाहेरच्या बाजूला सूज होती आणि तिच्याखाली कडेने पिवळट-हिरवा पडलेला जुना डाग. तीन आठवडे ती घरात जाड लोकरी मोजे घालून वावरली होती. बाहेर उणे दहा असताना त्यात कुणाला काही वावगे वाटले नव्हते.

"केव्हापासून?"

"थ्री वीक्स. शाळेच्या पार्किंगमध्ये बर्फावरून घसरले. स्कीइंग करताना नाही," तिने घाईने सांगितले, जणू तो मुद्दा तिच्या बाजूचा होता. "बूट टाइट केला की दुखत नाही. बूट प्लास्टरसारखाच असतो. आत्याने चेक केलंय. हाड मोडलेलं नाही."

"आत्या एक्स-रे मशीन आहे का?"

"पस्तीस वर्षं बघितलेत रे घोटे," ताई म्हणाली. मग तिचा आवाज खाली आला. "मी म्हटलं होतं तिला, बाबाला सांग. दोनदा म्हटलं. ती म्हणाली, शनिवार होऊ दे. मग सांगते. मी 'बरं' म्हटलं. चुकलंच माझं ते."

"दुकानात नवे लायनर बसवताना तो माणूस घोटा दाबून बघतो," मी अनयाला म्हणालो. "म्हणून नको होते नवे."

तिने होकारार्थी मान हलवली.

"मला का नाही सांगितलंस?"

"तू कॅन्सल केलं असतंस."

"मी आधी डॉक्टरकडे नेलं असतं."

"लास्ट इयर पण नेलं होतंस. मनगटाचा एक्स-रे क्लिअर होता, बाबा. डॉक्टर म्हणाले, एक आठवडा. तू म्हणालास, उरलेला सगळा सीझन बंद. आणि फ्रिजवर ग्राफ लावलास."

तो आलेख मला आठवत होता. एकदा दुखापत झालेल्या किशोरवयीन खेळाडूंना त्याच हंगामात दुसरी दुखापत होण्याचे प्रमाण. दोन चांगल्या अभ्यासांवरून काढलेला, अक्षांना नावे दिलेला.

"ग्राफ बरोबर होता," मी म्हणालो.

"आय नो," अनया म्हणाली. "म्हणूनच नाही सांगितलं. तुझ्याशी आर्ग्यू करून मी कधीच जिंकत नाही."

बाहेर व्हॅनचा हॉर्न वाजला. कोणीच उठले नाही. मग ताई गेली आणि दारातून हातवारे करून, इंग्रजीत एकही शब्द न वापरता, चालकाला परत पाठवून आली.

शुक्रवारी सकाळी एक्स-रे आणि तपासणी झाली. हाड मोडलेले नव्हते. तेवढ्यापुरते ताईचे निदान बरोबर निघाले. बाहेरचा अस्थिबंध अर्धवट फाटलेला होता आणि तीन आठवड्यांच्या सरावाने तो अधिक ताणला गेला होता. सहा आठवडे बर्फावर जायचे नाही. ही मुदत डॉक्टरांनी सांगितली. मी तीत एकही दिवस वाढवला नाही, आणि पुढे काय करायचे ते त्यांनी अनयालाच विचारावे म्हणून मी व राधिका खोलीबाहेर थांबलो. शनिवारी व्हॅन अकरा मुली घेऊन गेली. अनया दिवसभर खोलीत होती. दुपारी ताई तिच्याकडे ताट घेऊन गेली, आणि दोघींचे बराच वेळ बोलणे चालले होते. मी ते ऐकायला गेलो नाही.

लायनर मी भांडी घासायच्या, तेल काढणाऱ्या साबणाने दोनदा धुतला. वजन ४०४ झाले. रविवारी कोचला उत्तर लिहायला बसलो. पहिल्या मसुद्यात तीन परिच्छेद होते. ते खोडून मी एवढेच पाठवले:

तक्रार करणाऱ्या मुलींचे निरीक्षण अचूक होते; वास लसणाचाच होता. अनयाचा डावा घोटा तीन आठवड्यांपूर्वी दुखावला. प्रत्येक सरावाआधी त्यावर लसूण-ओव्याचे तेल चोळले जात होते. ते मोज्यातून लायनरमध्ये उतरले, साध्या साबणाने निघाले नाही, आणि पायाच्या उबेने दर वेळी त्याचा वास बाहेर पडला. उजवा पाय बरा होता, म्हणून उजव्याला वास नव्हता. दुखणे तिने तुमच्यापासून लपवले, कारण तुम्हाला कळले असते तर मला कळले असते. माझ्यापासून लपवले, कारण मागच्या वर्षी तिने दुखणे सांगितले तेव्हा मी डॉक्टरांचे न ऐकता तिचा पूर्ण हंगाम बंद केला होता.