एकाच उशिराचे दोन न्याय

मित्रांनो, मी एक म्हातारी गाय आहे आणि स्वभावाने मत्सरी आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे तुम्ही माझ्याकडून देवळातल्या गोमातेची अपेक्षा करणार नाही. माझे नाव ढवळी. जन्म पेठच्या डोंगरातला, पण ऐन तारुण्यात मी सायखेड्याला नवसाबाईंच्या गोठ्यात आले. शेजारी बांधलेली हरणी तेव्हापासून माझ्या डोळ्यांत सलत राहिली.

हरणीची कास मोठी, शिंगे सुबक. पेंडीचे घमेले आधी तिच्यापुढे जाई. नवसाबाई धार काढायला आधी तिच्याजवळ बसत. मी गव्हाणीतले गवत चघळत एका डोळ्याने तिकडेच पाहत असे. मग माझ्या गवताला चव लागत नसे.

एका वर्षी आम्ही दोघी एकाच सकाळी भरलो, गाभण राहिलो. गाय नऊ महिने नऊ दिवसांनी विते असे म्हणतात, म्हणून नवसाबाईंनी दोघींचा एकच दिवस धरला. हरणी त्याच्या आधीच व्याली. कालवड झाली. नवसाबाईंनी हरणीला ओवाळले, गूळ घातलेली बाजरी खाऊ घातली आणि आळीभर चीक वाटला. खरवसाचा वास गोठ्यापर्यंत आला. माझा नुसता जळफळाट झाला.

धरलेला दिवस आला आणि गेला. मी तशीच पोट घेऊन उभी. नवसाबाईंचे तोंड उतरले. "हिला गोऱ्हाच हाय," त्या आपल्या मुलाला, कुंदनला म्हणाल्या. "कालवड एवढी रेंगाळत नाय. नर पोसून दूध कुठलं मिळायचं?"

त्याच आठवड्यात घरातली सून रूपालीही बाळंत व्हायची होती. पहिली मुलगी साई तिच्या पदरी होतीच. रूपालीचाही दिवस टळला, पण तो उशीर पाहून नवसाबाई खुलल्या. उशीर म्हणजे मुलगा, असे त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागल्या. सुनेला बदामाचे दूध, बसायला मऊ गोधडी. उशीर दोघींचाही होता. पण तिला पाट आणि मला पाठ. हरणीवरचा माझा राग आता रूपालीकडे वळला. ती पाण्याची बादली घेऊन आली की मी तोंड फिरवीत असे.

कुंदनने जनावरांच्या डॉक्टर भाग्यश्रीताईंना बोलावले. इंजेक्शन देऊन गाय लवकर मोकळी करा, असा त्याचा आग्रह होता. ताईंनी मला नीट तपासले आणि घाई करायची गरज नाही म्हणाल्या. गोऱ्हा सरासरीने कालवडीपेक्षा एखाद-दोन दिवस जास्त पोटात राहतो, हे खरे. पण प्रत्येक गाय निराळी असते, उशिरावरून खात्री देता येत नाही. नवसाबाईंनी हळूच विचारले, बायकांचेही तसेच असते का.

"माणसांचं मला विचारू नका, मावशी," ताई म्हणाल्या. "आणि पोटातल्याला जन्माआधीच नावं ठेवू नका."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी व्याले. गोऱ्हाच झाला. काळापांढरा, लांब कानांचा. मी त्याला चाटून चाटून कोरडा केला. मला कोणी ओवाळले नाही. हरणीची कालवड पोट टम्म होईपर्यंत प्यायची. माझ्या लेकराला कास नावापुरती लावून लगेच ओढून बांधायचे. मी दाव्याला हिसके देत राही. येत्या रविवारी कुंदन त्याला गाडीत घालून त्र्यंबकच्या रस्त्याला सोडणार, असे ठरले. तिथे भाविक चारा घालतात म्हणे. दूधपित्या वासराला चारा!

मधल्या काळात रूपाली दवाखान्यातून घरी आली. मुलगी झाली होती. नवसाबाईंनी बाळाकडे पाहिले, पण घेतले नाही. तिचाही पाट गेला, म्हणून मी घटकाभर सुखावले.

रविवार उजाडला. कुंदनने गोऱ्ह्याचे दावे सोडले तशी मी हंबरडा फोडला. रूपाली बाळाला घेऊन ओट्यावरून उतरली आणि त्याच्या वाटेत उभी राहिली. ओली बाळंतीण गोठ्यात आली म्हणून नवसाबाई रागावल्या. रूपालीने आवाज चढवला नाही.

"आई, हिला कालवड अन् मला पोरगा झाला असता, तर तुम्ही दोघींना ओवाळलं असतं. आम्ही काय वेगळं केलं?"

मग तिने बाळ कुंदनपुढे धरले. "त्याला सोडायचा असंल, तर हिलाबी घेऊन जा."

कुंदनने त्या चिमुकल्या तोंडाकडे पाहिले. मग त्याने गोऱ्ह्याला आणून माझ्याजवळ बांधले. नवसाबाई घरात गेल्या, थोड्या वेळाने परत आल्या आणि एवढं उभं राहू नये म्हणत त्यांनी सुनेच्या हातातून नात घेतली. त्या संध्याकाळपासून धारेच्या आधी माझे वासरू पोटभर प्यायला मोकळे सुटू लागले.

त्या मुलीचे नाव रोहिणी. ती आता शाळेत जाते आणि माझा गोऱ्हा झेंडूच्या ओळींतून कोळपे ओढतो. मित्रांनो, तुमच्या गोठ्यात गोऱ्हा जन्मला तर त्यालाही पोटभर पाजा. कोण येणार हे त्याच्या आईने ठरवलेले नसते, आणि कधी येणार हेही.

माझा स्वभाव मात्र गेला नाही. रोहिणी शाळेतून आली की आधी त्याच्या गळ्यात पडते, मग माझ्याकडे येते. मी दोघांवरही जळते, आणि दप्तर घेऊन ती वळणावर दिसली की मीच आधी हंबरते.