पेटीतला पहिला डबा

मित्रांनो, मी सुजीच्या हलव्याचा एक जुना डबा आहे. ज्या साध्यासुध्या दुपारी मी उघडला जाणार होतो, त्या दुपारपासूनच सांगतो.

अकोल्यात पुंजारामजींचं मिलिटरी मालाचं दुकान होतं. बूट, घोंगड्या, ताडपत्र्या आणि आम्ही. आम्ही सैन्यासाठी कारखान्यात शिजलो, सीलबंद झालो, गरजेपेक्षा जास्त ठरलो आणि लिलावातून इथे आलो. ट्रकवाले, मेळघाटात हिंडायला जाणारी पोरं आम्हाला कौतुकानं नेत. पण पुंजारामजींचा एक नेम होता. नवी पेटी आली की तिच्यातला पहिला डबा ते स्वतः खात. दुसऱ्या दिवशी तब्येत ठीक असली, तरच पेटी विक्रीला. त्यांचं दुपारचं जेवण बहुधा तेच.

त्या दिवशी माझी पाळी होती. तेवढ्यात अमरावतीहून त्यांच्या मुलीचा, ज्योत्स्नाचा फोन आला. ती रोज एकच विचारायची.

"बाबा, तारीख पाह्यली का?"

"पाह्यली ना वं माय. दोन मयने हायेत अजून. तू काय इन्स्पेक्टर लागून गेली?"

ती हसली, फोन ठेवला. मग ताडपत्रीचं गिऱ्हाईक आलं आणि मी तसाच राहिलो. संध्याकाळी शटर ओढताना ते मला म्हणाले, "तुले उद्या पाह्यतो."

पहाटे झोपेतच ते गेले.

दुकान बंद राहिलं. त्यात माझी मुदत संपली. मग ज्योत्स्ना माल काढायला आली. सोबत गजेंद्र नावाचा व्यापारी होता.

"ताई, डब्यायची पेटीबी देऊन टाका. तारीख पुसली का झालं. कोन पाहून राह्यलं?"

"ह्या पेटीतला डबा बाबानं खाल्ला नाही, भाऊ."

"मंग?"

"मंग इकाची नाही."

गजेंद्र बाकीचा माल घेऊन गेला. ज्योत्स्नानं मागच्या अंगणात खड्डा करून एकेक डबा फोडून त्यात रिकामा केला. मी शेवटचा. मला मात्र न फोडता हातात धरून ती आत आली. गल्ल्यामागे पुंजारामजींचा चमचा होता, धुऊन पालथा ठेवलेला.

मित्रांनो, आमच्या अंगावरची तारीख जरूर पाहा. फुगलेला डबा तोंडाला लावू नका. पण डबा खाणाऱ्या माणसाकडेही कधी पाहा.

इतक्या वर्षांच्या फोनमध्ये तिनं जे एकदाही विचारलं नव्हतं, ते त्या रिकाम्या दुकानात तिनं मोठ्यानं विचारलं.

"बाबा, तुमी जेवले का?"